एका ओळीची जागा

४ मार्च

ठमे,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, आणि त्यातल्या दोन हवेबद्दल. दुसरं कोणी असतं तर मी विचारलं असतं, तुमच्याकडे शाई महाग झाली की काय? पण तुला नाही विचारत. बोट उलटली त्याला आता अर्धं वर्ष होत आलं. तू पाण्यातून बाहेर आलीस आणि तुझा नवरा आला नाही, ह्या वाक्यापाशी माझाही हात अडतो, म्हणून मीही आजवर हवेबद्दलच लिहीत आले.

आज तसं करून चालणार नाही. काम आहे.

जूनमधला आपला गाण्याचा रविवार. परवा कपडे घड्या करता करता माझी नवी सून विचारत होती, की आत्याबाई, तुमच्या घरात वर्षातून एकदा सगळे मिळून म्हणतात ते कसलं गाणं? (मी तुझी आत्या म्हणून ती पोरगीही मला आत्याबाईच म्हणते. सासूबाई म्हणायला घाबरते वाटतं.) मी तिला सांगितलं, की चर्चमध्ये पवित्र शास्त्रातली स्तोत्रं ऐकलीस ना? तिथे देवाची स्तुती करायची म्हणजे तो किती मोठा आणि किती चांगला एवढंच म्हणून सोडून देत नाहीत. त्याने काय केलं ते सांगतात. समुद्र दुभंगून आम्हाला कोरड्या पायांनी पलीकडे नेलंस. वाळवंटात भाकर दिलीस. खडकातून पाणी काढलंस. अगदी कालच घडल्यासारखी हकीगत सांगतात. माझ्या आईला ती रीत फार आवडायची. आम्ही लहान असताना नदी आमच्या घरात शिरली, घरच्यांनी छपरावर चढून जीव वाचवला, आणि पाणी उतरल्यावर आईने जुन्या हकिगतींच्या खाली आपल्या घरचं कडवं जोडलं. तेव्हापासून घरातलं कोणी कशातून वाचलं की त्याचं कडवं वाढतं. दोन ओळी त्याच्या, आणि तिसरी सगळ्यांची, “तुझा हात होता, देवा, तुझा हात होता.”

सून जरा विचार करून म्हणाली, म्हणजे देवाला त्याचीच कामं ऐकवायची? मी म्हटलं, हो, आणि आपल्यालाही ऐकवायची, कारण विसरण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

तर ठमे, आता तुझं कडवं हवं. आपला नियम तुला माहीत आहे, ज्याचं त्यानेच करायचं. तुझ्या वतीने मला करता येत नाही, नाहीतर मी केव्हाच करून मोकळी झाले असते, तू मला ओळखतेस. आणि ह्या वर्षीच हवं. तुझे बाबा रोज विचारतात, पोरीचं कडवं आलं का? सुतारकाम सोडल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नाही. लाँड्रीत माझ्यामागे फिरतात आणि इस्त्रीच्या वाफेत उभे राहून गातात.

पाठव. चांगलं नसलं तरी चालेल, माझं तापाचं कडवं कुठे चांगलं आहे?

तुझी आत्या


१७ मार्च

प्रिय आत्या,

हवेबद्दल लिहिते कारण आमच्या कारखान्याला खिडकी एकच, आणि ती माझ्या समोर आहे. दिवसभर चष्म्याच्या काचा घासते. काच चाकावर धरली की तिच्यावरून दुधासारखं पाणी वाहतं आणि पलीकडचं काही दिसत नाही. मग हळूहळू एक जागा साफ होते, तिच्यातून खिडकी दिसते, पण उलटी आणि लहान. हल्ली मला तेवढंच बरं वाटतं. जग उलटं, लहान, आणि आवाज नसलेलं.

मला स्वप्न पडतं. मी समुद्राच्या तळावरून चालते आहे, दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती. लहानपणी पायपेटीवर तू पहिलं कडवं वाजवायचीस, त्यातल्याच. भिंतीतून मासे बघताहेत, दुकानाच्या काचेतून बघावं तसे. पायाखाली वाळू कोरडी, आणि मी मुळीच घाबरलेली नाही. पलीकडच्या बाजूने शिट्टी ऐकू येते. तू हसशील, पण मला स्वप्नातही वाटतं की बाबा आता ओरडतील, घरात शिट्टी वाजवू नकोस म्हणून. मी चालत राहते आणि शिट्टी तेवढीच लांब राहते. एवढंच स्वप्न आहे. भीती जाग आल्यावर वाटते.

कडवं मी करणार नाही, आत्या. रागावू नकोस आणि समजूतही घालू नकोस. तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते काय झालं ते. तुमच्याकडून परत येत होतो. बोट कलली तेव्हा धक्क्यावरच्या माणसांनी दोरी टाकली, ती माझ्या नवऱ्याच्या, तुमच्या शिट्टीच्या, हाताशी आली. माझ्या नाही. त्याने तिचा फास माझ्या काखेखाली अडकवला, गाठ ओढून बघितली, कारखान्यात पट्टा ओढून बघायचा तशी, आणि वर ओरडला, “ओढा.” पुन्हा दोरी टाकेपर्यंत तो तिथे नव्हता.

आता मी उभी राहून सगळ्यांसमोर देवाला म्हणू, तुझा हात होता? ज्याचा हात होता तो मला माहीत आहे. तो पाण्यात राहिला.

तुम्ही सगळे वाचलात, म्हणून तुम्हाला गाता येतं. आणि यायचं म्हटलं तरी मधे तेच पाणी आहे. त्या बोटीत मी पाय ठेवणार नाही.

बाबांना सांग, यंदा कडवं नाही.

तुझी भाची


२८ मार्च

ठमाबाई,

समजूत घालू नकोस म्हणालीस म्हणून नाही घालत. भांडते.

शिट्टीने तुला दोरी बांधली हे मला ठाऊक नव्हतं. पत्र वाचून मी भट्टीजवळच्या बाकावर बसले आणि कपडे पिवळे पडेपर्यंत बसून राहिले. गिऱ्हाईक ओरडून गेलं. भला माणूस होता. मी त्याला किती नावं ठेवली, जेवताना शिट्टी, जिना चढताना शिट्टी, चर्चच्या दारापर्यंत शिट्टी. आता वाजवत असता तर मी स्वतः पायपेटीवर साथ केली असती.

पण एक सांग, समुद्र दुभंगला तेव्हा तरी काय झालं? वरून पंजा आला का? एक म्हातारा काठी धरून, हात वर करून उभा होता. हात त्याचाच दुखला असणार. तरी लोक पलीकडे जाऊन गायले ते देवाला. तुझ्या नवऱ्याचा हात होता म्हणून देवाचा नव्हता, हे तू कुठून काढलंस?

आणि दुसरं. वाचलेलेच गातात असं तू लिहिलंस. अगं, ती स्तोत्रं नीट वाच. त्यातली कितीतरी बुडता बुडता म्हटलेली आहेत. आमच्या वाडवडिलांनी सांगितलं, त्यांच्यासाठी तू काय काय केलंस ते. मग आमच्या वेळी कुठे आहेस? झोपलास का? असं सरळ तोंडावर विचारलंय. जुनी कामं आठवायची ती नुसती गोडीगुलाबीने नाही, भांडायलाही आठवायची. ज्याने आपल्यासाठी कधी काही केलंच नाही त्याच्याशी कोण भांडत बसतं?

यायचं म्हणशील तर पाणी दुभंगायची वाट बघू नकोस. वरच्या अंगाला पूल झालाय आणि त्याच्यावरून बस येते. कंबर मोडते, पण पाय कोरडे राहतात.

ह्याच कागदावर खाली तुझ्या बाबांना दोन ओळी लिहायच्या आहेत. मघापासून पेन्सिलीला टोक करताहेत. मी कपड्यांकडे जाते, त्यांचं झालं की पाकीट बंद करून टाकते.

आत्या

*पोरी, खुशाल असशील. इकडे सगळं ठीक. मागचं दार फुगलंय, उघडत नाही. शिट्टीला म्हणावं, माझा रंधा नेलास तो परत आणून दे, आणि येताना घरात शिट्टी वाजवत येऊ नकोस. दोघं या. — बाबा*


५ एप्रिल

आत्या,

तू त्यांचं लिहिलेलं वाचलं नाहीस, हे उघड आहे. मी वाचलं. चाकावर काच तशीच ठेवून वाचलं आणि काच फुटली.

ही थट्टा असेल तर मला कळली नाही. बाबांना माझा नवरा आवडत नव्हता हे मला माहीत आहे. फिटरच्या हातात सुताराची पोर दिली म्हणून लग्नात तोंड पाडून बसले होते. पण मेलेल्या माणसाकडे रंधा मागायचा? रंधा माझ्याकडे आहे. कपाटावर. त्याने त्याचं पातं लावून ठेवलं होतं, परत द्यायला.

दोघं या म्हणे.

तुमचं गाणं तुम्ही म्हणा.


३० एप्रिल

ठमे, बाळ,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मी रोज कागद घेते आणि रोज कपड्यांच्या घड्या करते. आज लिहिल्याशिवाय उठणार नाही.

थट्टा नाही ती. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, माहीतच नाही, की शिट्टी गेला.

म्हणजे माहीत होतं. अंत्यविधीला माझ्या शेजारी उभा होता, तू पाहिलंस. पण त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटते आहे. थंडीत सुरू झालं. आधी हत्यारांची नावं गेली, मग चर्चच्या मंडळीतल्या लोकांची. मी ह्या बाबतीत तोंडाला कुलूप लावलं, कारण तुझ्यावर आधीच आभाळ कोसळलेलं, त्यात हे कुठे टाकू? मला वाटलं होतं तू कडवं पाठवशील, रविवारी येशील, आणि मग समोरासमोर सांगेन. तू थट्टा समजशील असं स्वप्नातही आलं नाही. पत्र वाचून न बघता पाकीट बंद केलं, हा माझा गाढवपणा.

डॉक्टरीणबाई म्हणतात, ह्याला औषध नाही, सावकाश होईल. पण एक गोष्ट ऐक. गाणं जात नाही. बाकी सगळं जातं, गाणं नाही.

आमच्या लाँड्रीची गच्ची तुला आठवते. इस्पितळाच्या चादरी वाळत घालते तिथे, लांबच्या लांब रांगा. परवा मी वर गेले तर दादा दोन रांगांच्या मधून चालला होता. दोन्हीकडे पांढऱ्या ओल्या भिंती, वाऱ्याने हलताहेत, आणि हा मधून हळूहळू, पाय जपून टाकत, पहिलं कडवं म्हणतोय:

समुद्राच्या झाल्या भिंती, मधून वाट निघाली,
कोरड्या पायी पोरंबाळं पलीकडे गेली.

तुझं स्वप्न मला तिथेच आठवलं. मला वाटलं, रांगेच्या टोकाला तूच भेटशील त्याला. टोकाला पोचला, मला बघितलं आणि विचारलं, “आपण कोण?” मी म्हटलं, मी तापाच्या कडव्यातली. तो लगेच म्हणाला, “हां, तू होय. ताप उतरला ना?” आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. अगं, मी लहान होते तेव्हाचा ताप तो. उतरला म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

म्हणजे कळलं का तुला? जो कडव्यात आहे त्याला तो ओळखतो. मी आहे, माझा मुलगा आहे अपघातातला, चुलत्याची पोरं आहेत. तू नाहीस. तुझ्यावर कधी काही संकटच आलं नाही, ह्याचा मला केवढा अभिमान होता. दुपारी तो मला विचारतो, पोरीचं कडवं आलं का? तेव्हा पोरगी म्हणजे कोण ते अजून त्याला माहीत असतं. संध्याकाळी कधी माहीत असतं, कधी नसतं.

देवासाठी नको करूस. मी देवाशी बोलून घेईन, आमचं तेवढं आहे. बाबांसाठी कर. त्याच्या डोक्यात आता एकच खोली धड राहिली आहे, तिच्यात तुझी गादी घालायची आहे मला, बाकीची दारं बंद व्हायच्या आत.

आत्या


१४ मे

प्रिय आत्या,

मी पुष्कळ रडले. काम करताना रडलं तरी चालतं, पाणी वाहतच असतं. मालकांना मात्र कळलं. त्यांनी विचारलं नाही, फक्त माझ्या वाट्याच्या काचा दुसरीला दिल्या आणि मला खिडकीशी बसवलं.

बाबांवर चिडले ते आठवून जीभ हासडावीशी वाटते. रंधा खाली काढला. पात्याला तेल होतं. त्याने लावलेलं. पुसलं नाही.

मग खिडकीशी बसून मी कडवं करायला घेतलं. पहिली ओळ सहज आली, भाजी चिरताना यावी तशी:

पाणी होतं डोक्यावरती, काखेत दोरी आली,

इतकं खरं आहे. दोरी आली, हे मी म्हणू शकते. कोणाच्याही समोर. पण दुसरी ओळ होत नाही, आत्या. मी वाचले म्हणायला जाते तर तो राहिला हे मागून येतं, आणि तो राहिला म्हणायला जाते तर तिसऱ्या ओळीला सगळे मिळून तुझा हात होता म्हणतील, आणि तिथे मी पेन्सिल खाली ठेवते. त्याच्याबद्दल एक ओळ करून तिच्यावर ती ओळ झाकणासारखी बसवायची, हे मला जमणार नाही. कितीतरी ओळी केल्या आणि पुसल्या. कुठल्याच ओळीत तो मावत नाही.

तेव्हा एक उपाय सुचलाय, तुला हसू येईल. पुराच्या कडव्यात तू भात्यात हवा भरायला थांबतेस ना? पहिली ओळ झाली की पायपेटी बंद, सगळे गप्प, एका ओळीएवढं, आणि मग तुझा हात होता. लहानपणी आम्ही त्या गप्पमध्ये एकमेकांच्या कानांना टिचक्या मारायचो आणि हसू दाबायचो, कारण बाबा डोळे वटारून बघायचे. तुझी पेटी जुनी, पाय दुखतात, म्हणून आत्या मधेच दम खाते, असं आम्हा सगळ्या भावंडांचं ठरलेलं होतं. तसंच माझ्याही कडव्यात कर. पहिली ओळ म्हणा, मग तू भात्यात हवा भर, आणि पुढे जा. कोणाला कळणार नाही.

बाबांना शिकवशील का? त्यांना सांग, दोरी आली ती मी.

रविवारी मी येईन असं वाटत नाही. बस लांबची आहे, आणि तुम्हा सगळ्यांच्या मधे उभं राहायची ताकद अजून नाही. पण त्या वेळी मी इथे खिडकीशी बसून म्हणेन.

ठमी


१२ जून

माझी ठमे,

भात्यात हवा! मी हसले, मग पदर डोळ्यांना लावला, मग सुनेला हाक मारून पत्र वाचून दाखवलं. इतकी वर्षं तुम्हा वानरांना वाटत होतं की आत्याचे पाय दुखतात? आणि एकानेही मला विचारलं नाही. मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे. मीही कधी सांगितलं नाही, ते आपल्या घरात बोलायचं नसतंच. गप्प राहायची जागा, तिच्याबद्दल काय बोलणार?

तर ऐक. छपरावर आम्ही तिघं भावंडं होतो. दादा, मी, आणि सगळ्यांत धाकटी. तिला अजून बोलता येत नव्हतं. आम्हा दोघांना आईने धरलं, तिला वडिलांनी धरलं होतं. एक लाकूड आलं वाहत, ते छपराला लागलं. वडिलांचा हात सुटला नाही, तिचा सुटला. मला लाकूड आठवतं. तिचा चेहरा नाही आठवत, आणि ते मला कधी कधी फार लागतं.

वर्षभर आई गायली नाही. चर्चमध्ये बाकाचा कोपरा धरून नुसती बसायची. पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, दोन लेकरं राखली त्याबद्दल तरी उपकार मानावे. आई त्यांना म्हणाली, “दोघांचं गाईन. तिसरीची ओळ मी करणार नाही, आणि तिची जागा कोणाला भरूही देणार नाही.” आणि तिने पुराचं कडवं केलं. पाणी चढलं उंबऱ्यावर, छपरावर बसलो. मग एका ओळीची जागा. मग तुझा हात होता. आम्हाला बजावलं, की ह्या जागेत कोणी खोकायचं पण नाही, देवालाही इथे काही बोलू देऊ नका, त्याने ऐकायचं. म्हणून तुझे बाबा डोळे वटारायचे.

तू काय केलंस कळलं का? तुला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तुझ्या आजीने जे केलं तेच तू केलंस. मी काहीही बदललं नाही. तुझं कडवं जसंच्या तसं घेतलं.

आता रविवारचं सांगते.

दादाला मी आधी शिकवलं. दाढी करताना, पायऱ्यांवर, चादरींमधे. तुझी ओळ त्याने पहिल्या खेपेलाच उचलली, जणू जुनीच होती. प्रत्येक वेळी विचारायचा, कोणाचं हे? मी म्हणायची, तुझ्या लेकीचं. वाचली ना? वाचली. मग थोडं थांबून, आणि शिट्टी? पहिल्या वेळी मी त्याच्या गालावरचा साबण पुसला. मग मी म्हटलं, त्याची गप्पची ओळ आहे, दादा. पुराच्या कडव्यातली जागा त्याला माहीत आहे ना, तो तिथे होता. “धाकटीसारखी?” म्हणाला. मी म्हटलं, हो. पुन्हा त्याने रंधा मागितला नाही. विसरला की समजला, मला सांगता येणार नाही.

रविवारी सगळे जमले. गच्चीवरच बसलो, चादरी काढून ठेवल्या होत्या, आभाळ भरलेलं आणि उजेड मऊ, आंघोळीच्या पाण्यासारखा. पायपेटी मुलाने वर चढवली. समुद्र झाला, भाकर झाली, खडकाचं पाणी झालं. पूर झाला आणि आम्ही गप्प राहिलो. माझ्या तापावर नेहमीप्रमाणे पोरं फिदीफिदी हसली. शेवटी तुझं आलं. पाणी होतं डोक्यावरती, काखेत दोरी आली. सगळे इतके जोरात म्हणाले, की खालच्या रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. मग मी पाय उचलला, पेटी बंद केली, आणि गप्प झालो.

आणि त्या गप्पमध्ये तुझ्या बाबांनी शिट्टी वाजवली.

मी खोटं सांगत नाही. जन्मात ज्याने घरात कोणाला शिट्टी वाजवू दिली नाही, त्याने. तोंडात दात राहिले नाहीत, निम्मी हवाच, पण चाल बरोबर होती. तुझी ओळ जशी असती तशी, पहिल्या सुरापासून शेवटापर्यंत, एका ओळीएवढीच. सुनेने घाबरून माझ्याकडे बघितलं. मीही हात उचलला होता त्याला थांबवायला, आईने सांगितलेलं माझ्या हाडात बसलंय. पण मी तो हात खाली घेतला. आईने बोलू नका म्हटलं होतं. शिट्टीचं ती काही म्हणाली नव्हती.

ओळ संपली तसा तो थांबला, आणि सगळ्यांच्या आधी, एकट्याने म्हणाला, “तुझा हात होता.” कोणाला म्हणाला ते मला ठाऊक नाही. देवाला म्हणाला असेल, जावयाला म्हणाला असेल. मग आम्ही सगळ्यांनी ओळ पुरी केली. मला काही नीट वाजवता आलं नाही.

संध्याकाळी चहा देताना मी विचारलं, दादा, मी कोण? म्हणाला, ताप. आणि दोरी कोण? म्हणाला, माझी पोरगी.

तुझी आत्या


२० जून

आत्या,

तुझं पत्र मी खिडकीशी वाचलं आणि मालकांना विचारून बाहेर पडले. बसचं तिकीट काढायला गेले होते, बोटीचं काढून आले. कसं झालं ते माझं मला कळलेलं नाही. तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, कोणती जागा, आतली की कठड्याजवळची? कठड्याजवळची घेतली.

गाण्याच्या दिवशी मी इथे खिडकीशी बसून म्हटलं होतं. गप्पच्या जागी आले तेव्हा बाहेर खूप लांब कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. ती तुमच्याकडून ऐकू येणं शक्य नाही, मला माहीत आहे, सायकलवरचा कोणी असेल. तरी तुला सांगते. त्या दिवसापासून ते स्वप्न पडलेलं नाही.

पाण्यात बोट कलली ती जागा आली की मी एका ओळीएवढी गप्प बसणार आहे. पुढचं मग म्हणता येईल असं वाटतं. एकटीला नाही आलं, तर धक्क्यावर तुम्ही आहातच.

रंधा पिशवीत घेतलाय. मागच्या दाराला हात लावू नकोस, बाबांना आणि मला मिळून करू दे. पातं लावलेलं आहे.

शनिवारी दुपारची बोट. बाबांना धक्क्यावर आण. मला बघून आपण कोण म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस आणि त्यांना काही समजावू नकोस. फक्त शेवटचं कडवं म्हणायला लाव. मी त्यात आहे.

ठमी